लोणार सरोवर : जलचक्र व कार्बनचक्र

महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणार गावालगत असलेले खारे, अल्कधर्मी सरोवर. दख्खनच्या बेसाल्टात उल्काघाताने झालेल्या विवरात ते आहे. विवराचा व्यास सु. १.८ किमी., पाण्याचा सु. १.२ किमी. विवराच्या वयाबद्दल मतभेद आहेत : तप्तदीप्ती पद्धतीने ते सु. ५२,००० वर्षे, तर आर्गॉन पद्धतीने सु. ५,७०,००० वर्षे येते.

पाणी : पावसाचे पाणी विवराच्या उतारांवरून थेट तळाशी येते, काही मुरते आणि काठावरच्या झऱ्यांतून बाहेर पडते. धार व सीता न्हाणी हे त्यांपैकी प्रसिद्ध झरे होत. सरोवरातून एकही ओढा बाहेर जात नाही. आलेले पाणी मुख्यतः बाष्पीभवनानेच जाते व विरघळलेले द्रव्य मागे ठेवते.

कार्बन : मातीतून मुरताना पाणी मुळांच्या श्वसनातून व कुजणाऱ्या पाल्यातून सुटलेला कार्बन डाय-ऑक्साइड शोषते व सौम्य आम्ल बनते. हे आम्ल बेसाल्टमधील खनिजे झिजवते. त्यांतून कॅल्शियम, मॅग्नेशियम व सोडियम सुटतात आणि हवेतला कार्बन बायकार्बोनेटच्या रूपाने पाण्यात उतरतो. गोदावरी व कृष्णा यांच्या खोऱ्यांतील बेसाल्टवरही हेच घडते. तेथील बायकार्बोनेट नद्यांबरोबर बंगालच्या उपसागरास मिळते. लोणारला तो प्रवास काठापासून तळापर्यंतच होतो. पाणी आटताना कॅल्शियम कार्बोनेट आधी गाळात बसते, सोडियम विरघळलेलेच राहते, आणि पाण्याचे सामू मूल्य १० च्या आसपास पोचते. झऱ्याचे गोडे पाणी आणि सरोवराचे खारे पाणी या एकाच पाण्याच्या दोन अवस्था आहेत. लोणारला येणाऱ्याने धारेचे पाणी चाखून मग तळाशी उतरावे. खडकाच्या झिजेची इतकी उघड साक्ष दुसरीकडे क्वचितच मिळते.

क्षार : उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर सोडियम कार्बोनेट व मीठ यांचे थर उरतात. ते पूर्वी गोळा करून विकले जात. डल्ला, निमक-डल्ला, खुप्पल, पापडी व भुसकी ही त्यांच्या प्रकारांची व्यापारी नावे जुन्या नोंदींत आढळतात. साबण व काच यांसाठी लागणाऱ्या येथील द्रव्यांचा उल्लेख अबुल फझलच्या आईन-इ-अकबरीतही आहे. हवेतून पाण्यात आणि पाण्यातून क्षारात आलेला कार्बन असा माणसाच्या हातून विवराबाहेर जाई.

गाळ : तळातून काढलेल्या सु. १० मी. लांबीच्या गाळस्तंभात गेल्या सु. ११,००० वर्षांतील पावसाळ्यांची नोंद मिळाली. त्यातील गेलुसाइट या सोडियम-कॅल्शियम कार्बोनेटाचे स्फटिक फार महत्त्वाचे आहेत, कारण पाणी अतिशय आटून दाट झाले तरच ते बनतात. आजपासून सु. ४,६०० ते ३,९०० आणि सु. २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचे असे दोन दीर्घ कोरडे काळ त्यांवरून ओळखले गेले. पावसाचा इतिहास येथे कार्बनच्या खनिजाने लिहून ठेवला आहे.

जीवसृष्टी : पाण्याचा हिरवा रंग आर्थ्रोस्पायरा या नीलहरित जीवाणूंमुळे येतो. गाळात मिथेन बनवणारे व मिथेनवर जगणारे असे दोन्ही प्रकारचे सूक्ष्मजीव आहेत. जून २०२० मध्ये लवणप्रिय सूक्ष्मजीवांमुळे पाणी गुलाबी झाले होते.

संरक्षण : नोव्हेंबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत समावेश. गावाचे सांडपाणी व शेतांतील खते उतारावरून सरोवरात पोचतात. त्यांतील नायट्रोजन व फॉस्फरस यांनी शैवलांची वाढ व कार्बनची देवघेव दोन्ही बदलतात.