चुनखडकाचे वयन व टिकाऊपणा

खडकातील कणांचे आकारमान व आकार, त्यांची मांडणी, त्यांना सांधणारे द्रव्य आणि त्यांमधील छिद्रे यांवरून ठरणाऱ्या स्वरूपास वयन म्हणतात. चुनखडक मुख्यतः कॅल्साइटाचा बनलेला असतो. परंतु खनिज एकच असूनही वयनानुसार त्याचे गुणधर्म फार बदलतात. चॉकमध्ये ३० ते ४५ टक्के जागा छिद्रांनी व्यापलेली असू शकते व तो नखानेही खरवडता येतो. याउलट बव्हेरियातील झोल्नहोफेन येथील सूक्ष्मकणी चुनखडक इतका घट्ट व एकजिनसी असतो, की अठराव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या शिळामुद्रणासाठी तोच वापरात आला. सामान्यतः कण एकमेकांत घट्ट गुंतलेले व छिद्रे थोडी असल्यास घनता व संपीडन बल वाढते आणि पाणी कमी शोषले जाते. तथापि बल आणि टिकाऊपणा या एकच गोष्टी नव्हेत. लंडनच्या संसदभवनाच्या इतिहासावरून हे स्पष्ट होते.

जुने संसदभवन १८३४ मध्ये आगीत नष्ट झाले. नव्या इमारतीचा दगड निवडण्यासाठी वास्तुविशारद चार्ल्स बॅरी, भूवैज्ञानिक हेन्‍री डी ला बेश व विल्यम स्मिथ आणि शिल्पकार चार्ल्स हॅरियट स्मिथ यांनी १८३८ मध्ये अनेक खाणी व जुन्या इमारती पाहिल्या. डॅन्येल व व्हीट्स्टन यांनी नमुन्यांचे रासायनिक संघटन, घनता, जलशोषण व चिरडण्यास लागणारा भार तपासला. सोडियम सल्फेटाचे स्फटिक छिद्रांत वाढवून दगड किती झडतो, हेही पाहण्यात आले. १८३९ च्या अहवालात डर्बीशरमधील बोल्सोव्हर मूर येथील स्फटिकी मॅग्नेशियमी चुनखडकाची शिफारस झाली. मात्र तेथे पुरेसे मोठे ठोकळे मिळेनात. म्हणून यॉर्कशरमधील अ‍ॅन्स्टन येथील त्याच वर्गाचा दगड घेण्यात आला.

काम चालू असतानाच, १८४९ च्या सुमारास, दगड झडू लागला व १८६१ मध्ये चौकशी समिती नेमावी लागली. कोळशाच्या धुरातील गंधकी अम्लामुळे या दगडावर कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची सल्फेटे तयार होतात. ती पाण्याबरोबर छिद्रांत शिरतात व तेथे त्यांचे स्फटिक बनताना पडणाऱ्या दाबाने पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. सूक्ष्म छिद्रे विपुल असलेल्या दगडात ही हानी अधिक होते. ठोकळ्यातील नैसर्गिक थर भिंतीत उभे बसविल्यास पापुद्रे सुटणे आणखी सुलभ होते.

तथापि दोष सर्वस्वी धुराचा नव्हता. लंडनमध्येच जर्मिन स्ट्रीटवरील भूवैज्ञानिक संग्रहालय (१८५१) अ‍ॅन्स्टनच्याच दगडाचे होते. निवडून घेतलेले त्याचे ठोकळे चांगले टिकले. एकाच खाणीत थराथरागणिक वयन बदलते. त्यामुळे एका उत्तम नमुन्याची परीक्षा सबंध खाणीला लागू पडत नाही. संसदभवनासाठी अशी काटेकोर निवड झाली नाही. पुढे विसाव्या शतकात तेथील झिजलेल्या भागांच्या जागी रटलंडमधील क्लिप्शम येथील, बारीक गोल कणांचा चुनखडक बसविण्यात आला.

हेन्‍री क्लिफ्टन सॉर्बी यांनी खडकाचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यासण्याची पद्धत रूढ केली आणि १८७९ मध्ये चुनखडकांच्या संरचनेचे विवेचन केले. १९६२ मध्ये डनम यांनी वयनावर आधारित वर्गीकरण मांडले. आता दगड निवडताना बलाबरोबरच छिद्रांचे आकारमान व लवणांचा परिणामही तपासतात आणि नमुने प्रत्यक्ष वापरावयाच्या थरांतूनच घेतात.