नळदुर्गची लढाई आणि निवृत्तिवेतनातील शब्दांचे मोल

१/ नळदुर्ग म्हटले की भुईकोट किल्ला, पाणीमहाल आणि नर-मादी धबधबे आठवतात. सैनिकाचे वेतन आणि त्याच्या पश्चात पत्नीला मिळणारा हक्क, या दोहोंच्या इतिहासातही या गावाला स्थान आहे. हा धागा त्याविषयी.

२/ हैदराबाद कंटिंजंट ही फौज निजामाच्या खर्चाने चाले. तिचे वरिष्ठ अधिकारी मात्र इंग्रज असत. खर्चाची रक्कम थकत गेली, कंपनीचे कर्ज वाढले. अखेर १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गचा मुलूख फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांकडे सोपवावा लागला. १८६० मध्ये नळदुर्ग व रायचूर निजामाला परत मिळाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले.

३/ जिवंत सैनिकाच्या पगारासाठी अख्खा मुलूख तारण पडला. मृत सैनिकाच्या घराचे काय, या प्रश्नाचे उत्तर स्वतंत्र भारतातही टप्प्याटप्प्याने घडत गेले. तो प्रश्नही याच परिसरातील एका लढाईपाशी आणून सोडतो.

४/ १३ सप्टेंबर १९४८. मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या फौजा सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने निघाल्या. वाटेत नळदुर्गजवळ बोरी नदीवरचा पूल होता. तो शाबूत हाती येणे अत्यावश्यक होते. ही कामगिरी २ शीख पलटणीने पार पाडली.

५/ याच पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग यांनी त्या दिवशी आपल्या प्लाटूनसह शत्रूची दोन वाहने पकडली. पुढे मोर्च्यावर चाल करताना मशीनगनच्या गोळ्या त्यांच्या मांडीत घुसल्या. तरीही सरपटत जाऊन त्यांनी दोन हातबॉम्ब फेकले व ती मशीनगन बंद पाडली. मागे हलवण्यास त्यांनी नकार दिला आणि तेथेच त्यांना वीरमरण आले.

६/ शासनदप्तरी या मोहिमेचे नाव ‘पोलीस कारवाई’ असे रूढ झाले. परमवीर चक्र शत्रूसमोरील शौर्यासाठी असते. अशोक चक्र इतर प्रसंगींच्या सर्वोच्च शौर्यासाठी. बचित्तर सिंग अशोक चक्राच्या सर्वांत पहिल्या मानकऱ्यांपैकी एक ठरले.

७/ हा भेद केवळ मानाचा नाही. पदकासोबत मासिक भत्ता असतो आणि वीराच्या पश्चात तो पत्नीकडे जातो. ऑगस्ट २०१७ पासून परमवीर चक्राला दरमहा २०,००० रुपये, तर अशोक चक्राला १२,००० रुपये ठरले. गोळी तीच, मृत्यू तोच. प्रसंगाच्या नावाने रक्कम बदलते.

८/ पत्नीच्या हक्कावर आणखी एक अट होती. १९७२ च्या आदेशानुसार विधवेने पुनर्विवाह केल्यास भत्ता बंद होई. १९९५ मध्ये सवलत मिळाली, पण तिने दिराशी लग्न केले तरच. दुसरा कोणी जोडीदार निवडल्यास भत्ता थांबे. ही अट १६ नोव्हेंबर २०१७ च्या आदेशाने रद्द झाली. आता तो भत्ता तिला आजन्म मिळतो.

९/ निवृत्तिवेतनातही मृत्यूच्या कारणाला असेच मोल आहे. सामान्य कुटुंब निवृत्तिवेतन साधारणतः अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के. मृत्यू सेवेमुळे ओढवला असे मान्य झाल्यास विशेष निवृत्तिवेतन ६० टक्के. युद्धात किंवा तत्सम कारवाईत वीरमरण आल्यास उदारीकृत निवृत्तिवेतन, म्हणजे अखेरच्या वेतनाइतकी पूर्ण रक्कम.

१०/ म्हणूनच सेवापुस्तकातील विवाहाची नोंद आणि मृत्यूच्या कारणाचा उल्लेख या कोरड्या बाबी नव्हेत. नोंद चुकली किंवा राहिली, तर ती दुरुस्त करून घेण्यासाठी कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागतात त्या विधवेला.

११/ दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी ध्वजवंदन होते. त्याच्या चार दिवस आधीची तारीख नळदुर्गची आहे. त्या दिवशी सैनिकाने आपले कर्तव्य पुरे केले. त्याच्यासारख्यांच्या पत्नींना जोडीदार निवडूनही हक्क राखता यावा, एवढ्यासाठी शासनाला मात्र ६९ वर्षे लागली.