दातांना पुरून उरणारी झूल

इंग्लंड-आयर्लंडच्या कुरणांवर हिवाळ्यात बरेच घोडे झूल पांघरूनच चरतात. त्यातले दोन तरुण, खोडकर घोडे एकत्र सोडले की सकाळी धडधाकट असलेली झूल संध्याकाळपर्यंत खांद्यापाशी टरकलेली असते, छातीचा पट्टा लोंबत असतो. हे काम ना वाऱ्याचे, ना काटेरी तारेचे. ते सोबत्याच्या दातांचे. बाजारात या झुलीला टर्नआउट रग म्हणतात आणि तिच्या आजच्या रूपात पावसाइतकाच त्या दातांचाही हात आहे.

घोडा बांधलेला असे तोवर हा प्रश्न फारसा उद्भवलाच नाही. मराठ्यांच्या पागेत घोडे ओळीने अगाडी-पिछाडीला बांधलेले असत. अगाडीचे दोर पुढे मेखांना, पिछाडीचे मागच्या पायांना. शेजाऱ्याला चावायला किंवा लाथ झाडायला वावच नसे, त्यामुळे मोतद्दाराने घातलेली झूल जागच्या जागी राही. विलायतेत घोडा तबेल्यातल्या स्वतंत्र खणात असे आणि रात्री त्याच्या अंगावर तागाची जाड झूल चढे. बंगालचा ताग स्कॉटलंडमधल्या डंडीच्या गिरण्यांत जाऊन त्याचे जे कापड होई, त्यातल्याच झुली या. घोडा स्वतःचीच झूल चावू लागला तर त्याच्या हनुवटीखाली कातड्याची पट्टी लटकवत, नाहीतर मान वळू नये म्हणून गळ्यात लाकडी दांड्यांची माळ अडकवत. तबेल्यात हे उपाय चालून जात. कुरणात मात्र घोड्याला चरायचे असते, तिथे तोंड अडवून कसे चालेल?

पहिल्या महायुद्धात बांधलेल्या घोड्यांनीही झुली फाडल्या, पण त्याचे कारण भूक होते. ब्रिटनहून फ्रान्सला जहाजांनी गेलेला चारा-दाणा ५४ लाख टनांच्या घरात, म्हणजे दारूगोळ्यापेक्षाही जास्त होता. तरीही तो पुरा पडेना. चिखलात उभे असलेले उपाशी घोडे एकमेकांच्या झुली, शेपट्या, बांधलेले दोर असे तोंडात येईल ते चघळत. वैरण हाच त्यावरचा इलाज होता. पोटभर खाल्लेला घोडा सोबत्याची झूल का ओढतो, या कोड्याचे उत्तर युद्धाच्या अनुभवात मिळण्यासारखे नव्हते.

ते कोडे पुढे आले ते घोडा झुलीसकट मोकळा सुटल्यावर. न्यूझीलंडमध्ये गुरे आणि घोडे वर्षभर बाहेरच राहतात. तिथल्या पशुपालकांनी मेणकापडासारखी जाड, पाणी न झिरपणारी कॅनव्हासची झूल रुळवली. आतून लोकरीचे अस्तर, मागच्या पायांभोवती एकमेकांत अडकवलेले पट्टे. तिथे गाईंच्या पाठीवरही अशी झूल असे. ब्रिटनमध्ये ती ‘न्यूझीलंड रग’ याच नावाने घरोघर पोचली. शिकारीसाठी किंवा स्पर्धेसाठी ज्या घोड्यांची हिवाळी लव भादरली जाई, त्यांनाही आता दिवसभर बाहेर सोडता येऊ लागले. कॅनव्हासचा धागा भिजला की फुगतो आणि विणीतली छिद्रे बुजतात, म्हणून पाणी आत येत नाही. पण भिजलेली झूल भलतीच जड होते, नीट वाळवली नाही तर कुजते, आणि कुजलेल्या कापडाला दातांचा एक हिसका पुरतो.

हिसका बसतो तो बहुधा मानेच्या मुळाशी, खांद्यांमधल्या उंचवट्यावर. घोडे जोडीने उभे राहून एकमेकांची पाठ दातांनी खाजवतात, तेव्हा त्यांची आवडती जागा नेमकी हीच. फ्रान्समधल्या कामार्ग जातीच्या घोड्यांवर झालेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या जागी खाजवले की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात असे दिसले. झूल घातली की ती जागाच झाकली जाते. सोबती सवयीने दात लावतो आणि त्याच्या तोंडात कापड येते. तरुण नर घोड्यांची लुटुपुटूची झटापटही मानेला आणि खांद्याला धरूनच चालते. शिवाय ओढायला कापड मिळाले की खेळाला रंग चढतो.

कापड बदलले ते नायलॉनमुळे. दुसऱ्या महायुद्धात विमानविरोधी तोफगोळ्यांच्या उडत्या तुकड्यांपासून विमानातल्या सैनिकांना वाचवणाऱ्या जाकिटांसाठी जे बॅलिस्टिक नायलॉन बनले, तेच कापड पुढे घोड्याच्या पाठीवर आले. आयर्लंडमधल्या डंडॉक इथे १९८५ मध्ये सुरू झालेल्या हॉर्सवेअर कंपनीची ‘रॅम्बो’ झूल याच कापडासाठी नावाजली गेली. आता गिऱ्हाईक दुकानात ‘डेनिअर किती?’ असे विचारते. ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनिअर. साध्या झुलीचे कापड ६०० डेनिअरचे, तर दांडगोबांसाठीचे १२०० किंवा १६८० डेनिअरचे असते. पण नुसता जाड धागा पुरत नाही. वीण घट्ट हवी, म्हणजे दात रुततच नाहीत. उलट छातीचा पट्टा किंवा बक्कल फार चिवट असेल तर पाय अडकलेला घोडाच जायबंदी व्हायचा. म्हणून कापड फाटू नये, पण अडकलेला पट्टा मात्र वेळेला सुटावा, अशी दुहेरी कसरत कारागिरांना करावी लागते.

चव बिघडवण्याचा उपायही जुनाच. झुलीच्या कडेला कडू औषध, साबण, कुठे तिखट चोळतात. स्पर्धेच्या घोड्यांच्या बाबतीत तिखट मात्र महागात पडू शकते, कारण मिरचीतले कॅप्सेसिन आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडेत निषिद्ध आहे. २००८ च्या ऑलिंपिकमध्ये हाँगकाँगला झालेल्या शो-जंपिंगमध्ये नॉर्वेच्या एका घोड्याच्या तपासणीत ते सापडले आणि नॉर्वेचे सांघिक कांस्यपदक स्वित्झर्लंडकडे गेले. तिथे झुलीचा संबंध नव्हता, पण झुलीवरचे तिखट चाटणाऱ्या घोड्याच्या शरीरात जाते तेही कॅप्सेसिनच.

त्यामुळे जाणते पशुपालक आधी जोडी बदलून पाहतात. दोन पोरसवदा घोड्यांऐवजी एक वयस्क, आगाऊपणा खपवून न घेणारी घोडी सोबत दिली की ओढाताण पुष्कळदा थांबते. गवत संपलेल्या कुरणात सुक्या चाऱ्याचे ढीग घोड्यांच्या संख्येपेक्षा जास्त आणि लांब लांब टाकले तर तोंडे कामाला लागतात. नव्या झुलीवर जुनी, ठिगळांची झूल चढवण्याची युक्तीही चालते. ओढणाऱ्याच्या दातांना आधी तीच लागते. आणि ज्या घोड्याची लव भादरलेली नाही, ज्याला वारा-पावसात निवाऱ्याला छप्पर आहे, त्याची झूल अनेक जण सरळ काढूनच ठेवतात.