परीक्षकांचा निर्णय

कोणत्याही स्पर्धेचे नियमपत्रक पाहा. वक्तृत्वाची असो, नाटकांची असो, नाही तर गणेशोत्सवातल्या रांगोळीची असो. पत्रकाच्या तळाशी एक वाक्य हटकून छापलेले असते : परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. आपण ते वाचतो आणि सोडून देतो. पण परीक्षक नेमले कोणी, त्यांनी मोजायचे कोणत्या मापाने, आणि ते मापच आपल्याला मान्य नसेल तर काय करायचे, हे प्रश्न त्या वाक्याखाली दडपून गेलेले असतात. आज ज्या कलेचा इतिहास मी सांगणार आहे, ती याच प्रश्नांतून जन्माला आली. तिचे नाव 'बॉलरूम', आणि तिचे माहेर न्यूयॉर्क शहरातील हार्लेम हा कृष्णवर्णीयांच्या वस्तीचा भाग.

बॉलरूम म्हटले की हातात हात घालून गोल फिरणारी साहेबी जोडपी आपल्या डोळ्यांपुढे येतात. ती मंडळी ही नव्हेत. हा 'बॉल' म्हणजे रात्रभर चालणारी स्पर्धांची जत्राच. तिच्यात उतरणारे बहुतेक जण कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाचे. त्यांत समलिंगी पुरुष आणि पारलिंगी स्त्रिया, म्हणजे जन्मतः मुलगा म्हणून नोंद झालेल्या पण स्वतःला स्त्री म्हणून ओळखणाऱ्या व्यक्ती, यांचा भरणा मोठा.

याची पाळेमुळे जुनी आहेत. हॅमिल्टन लॉज नावाच्या कृष्णवर्णीयांच्या एका बंधुमंडळाने १८६९ साली न्यूयॉर्कात वेषांतराचा नृत्यसमारंभ भरवला. पुढे १९२० ते १९३० च्या सुमारास हार्लेममधल्या या समारंभाला हजारोंनी लोक लोटू लागले. पुरुष भरजरी स्त्रीवेषात मिरवत, उत्तम वेषाला बक्षीस मिळे, आणि गावातली बडी गोरी मंडळी वरच्या सज्जात बसून मौज पाहत. लँग्स्टन ह्यूज या थोर कवीने १९४० च्या आपल्या आत्मचरित्रात या समारंभाबद्दल लिहून ठेवले आहे. तेव्हा बाहेरचा प्रेक्षक ही काही टेलिव्हिजनने आणलेली नवलाई नव्हे, हे प्रथमच ध्यानात घेतलेले बरे. तो पहिल्यापासून सज्जात बसलेला होता. प्रश्न होता तो गुण देणाराचा.

तो प्रश्न १९६७ साली चव्हाट्यावर आला. न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये स्त्रीवेषधारी स्पर्धकांची एक अखिल अमेरिकन सौंदर्यस्पर्धा झाली. परीक्षकांत अँडी वॉरहॉलसारखा नामांकित चित्रकार होता. मुकुट मिळाला हार्लो या गोऱ्या स्पर्धकाला. क्रिस्टल लाबेजा ही कृष्णवर्णीय स्पर्धक मागे पडली. तिने निकाल मुकाट्याने गिळला नाही. ती व्यासपीठावरून निघून गेली, आणि आत येऊन कॅमेऱ्यासमोर तिने आयोजकांवर पक्षपाताचा उघड आरोप केला. 'द क्वीन' या १९६८ च्या माहितीपटात तिचा तो संताप जसाच्या तसा टिपलेला आहे.

हरलेला स्पर्धक परीक्षकांना नावे ठेवणारच, असे कोणी म्हणेल. क्रिस्टलचे वेगळेपण यात की ती नुसती चिडून बसली नाही. १९७२ च्या सुमारास, लॉटी या आपल्या मैत्रिणीच्या आग्रहावरून, तिने हार्लेममध्ये कृष्णवर्णीय स्पर्धकांसाठी स्वतःचा बॉल भरवला आणि त्याला नाव दिले 'हाउस ऑफ लाबेजा'. दुसऱ्याच्या मापाने मोजून घ्यायचे नाही, आपले माप आपण तयार करायचे, असा तो सरळ व्यवहार होता.

'हाउस' या शब्दाला आपल्याकडे घर म्हणावे की घराणे? मला वाटतं, दोन्ही. गाण्यातल्या घराण्याप्रमाणे त्याला नाव असते, शैली असते, शिष्यशाखा असते. आणि घराप्रमाणे तिथे आई असते, वडील असतात, मुलं असतात. ही नाती रक्ताची नव्हेत. मुलगा 'असा' आहे हे कळल्यावर आईबापांनी दाराबाहेर काढलेली सोळा-सतरा वर्षांची पोरं या घराण्यांच्या आयांनी पदराखाली घेतली. आपल्याकडील हिजडा समाजात गुरु-चेल्यांचे नाते आणि घराण्यांची व्यवस्था फार जुनी आहे. तिचा आणि हार्लेमचा काही संबंध नाही, पण घराबाहेर पडलेल्या माणसाने दोन्हीकडे घरच उभे करावे, यात नवल ते काय? लाबेजांमागून कोरी, डुप्री, पेंडाव्हिस, निन्जा ही घराणी आली. १९८२ साली लॅटिन मंडळींचे एक्स्ट्राव्हगांझा घराणे निघाले. कोणी पॅरिसच्या फॅशनवाल्यांची नावे घेतली : बालेन्सियागा, म्युग्लेर. ज्या दुकानाच्या पायरीवर उभे राहू दिले नसते, त्याचेच नाव आडनाव म्हणून लावायचे!

आता बॉल चालतो कसा, ते पाहू. मधोमध लांब मोकळी वाट, टोकाला परीक्षकांचे मेज. निवेदक तालावर पुकारा करीत असतो. एकेक प्रकार जाहीर होतो : चेहरा, चाल, पोशाख, नाच. स्पर्धक येतो. परीक्षक 'दहा' दाखवतात किंवा कापतात. एकानेही कापले तरी तो त्या प्रकारातून बाद. दहाच्या दहा मिळवलेले दोघे-दोघे मग समोरासमोर भिडतात. मेजावर बसलेले असतात ते याच वाटेवर वर्षानुवर्षे चालून नाव कमावलेले जुने लोक. उस्तादाच्या पुढ्यात बसून गाण्यासारखेच ते. दाद खरी असते, कारण देणाऱ्याला सूर कळतो.

या प्रकारांतला एक समजून घेण्यासारखा आहे. त्याला 'रिअलनेस' म्हणतात. अस्सलपणा म्हणा. त्यात कोणी कचेरीतला साहेब होतो, कोणी सैनिक, कोणी कॉलेजचा विद्यार्थी. आणि तो इतका हुबेहूब की रस्त्यावर कोणाला शंका येऊ नये. वरवर हे बहुरूप्याचे सोंग. पण स्पर्धा संपल्यावर पहाटे त्याच पोराला आगगाडीने परत जायचे असते, आणि तिथे कोणाला शंका आली तर मार बसायचा, प्रसंगी जीवही जायचा. म्हणून ती परीक्षा सोंगाची नव्हती. सुखरूप घरी पोचण्याची ती तालीम होती. हे माप बाहेरच्या परीक्षकाच्या हाती द्यायचे कसे?

नाचाचा प्रकार म्हणजे 'व्होग'. फॅशनच्या मासिकावरून हे नाव पडले. मासिकातल्या सुंदरी ज्या ठाशीव पवित्र्यांत उभ्या असतात, ते पवित्रे तालावर एकापाठोपाठ एक घ्यायचे, हे त्याचे मूळ. पुढे हातांची लय, उकिडवे बसून बदकासारखे चालणे, गिरक्या, आणि गिरकीतून पाठीवर एकदम झोकून देणे अशी त्याची अंगे वाढली. विली निन्जा हा त्यातला मोठा गुरु.

१९९० साली हे जग एकाएकी सर्वांपुढे आले. जेनी लिव्हिंग्स्टन यांचा 'पॅरिस इज बर्निंग' हा माहितीपट त्या वर्षी तयार झाला आणि पुढल्या वर्षी सनडान्स महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्याच १९९० मध्ये मॅडोनाचे 'व्होग' हे गाणे अमेरिकेच्या यादीत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्यात एक्स्ट्राव्हगांझा घराण्याचे दोन नर्तक होते. घरोघरी मुले ते पवित्रे करू लागली. माहितीपट गाजल्यावर मात्र त्यात दिसलेल्या मंडळींनी विचारले : आमचा वाटा कुठे? काही जण वकिलाकडे गेले. अखेर तेरा जणांत मिळून सुमारे ५५,००० डॉलर वाटले गेले. त्याच काळात एड्सच्या साथीने घराण्यांमागून घराणी पोखरली जात होती. माहितीपटात बोललेल्या डोरियन कोरी आणि अँजी एक्स्ट्राव्हगांझा या दोघीही १९९३ मध्ये गेल्या. जग टाळ्या वाजवीत होते, पण ज्यांच्यासाठी वाजवीत होते त्यांच्या चितेशी फार थोडे आले.

आता टेलिव्हिजनकडे येऊ. २००९ साली एमटीव्ही वाहिनीवर 'अमेरिकाज बेस्ट डान्स क्रू' या स्पर्धेत 'व्होग इव्होल्यूशन' नावाचा पाच जणांचा संच उतरला. चौघे समलिंगी पुरुष आणि लेओमी माल्डोनाडो ही पारलिंगी स्त्री. लेओमीचे केस फिरवीत पाठीवर झोकून देणे पाहून प्रेक्षक थक्क झाले. पण एका परीक्षकाने नाच बाजूला ठेवून, बाई व्हायचे तर बाईसारखे वागावे, असा उपदेश तिला भर कार्यक्रमात केला. टाउन हॉलचीच गोष्ट ही. फक्त आता ती लाखो घरांत दिसत होती. संच जिंकला नाही.

मध्यंतरी वारे बदलले. २०१८ ते २०२१ या काळात 'पोझ' ही मालिका आली. तिने जुन्या बॉलची कथा रंगवली, आणि पारलिंगी स्त्रियांच्या भूमिका पारलिंगी अभिनेत्रींनीच केल्या. मग २७ मे २०२० रोजी एचबीओ मॅक्सवर 'लेजंडरी' सुरू झाले : आठ खरी घराणी, एक लाख डॉलरचे बक्षीस, आणि आठवड्याला एक बॉल. निवेदक होता डशॉन वेस्ली. २००९ च्या त्या पाच जणांतला एक. आणि परीक्षकांच्या खुर्चीवर कोण? लेओमी माल्डोनाडो! अकरा वर्षांपूर्वी जिने उपदेश ऐकून घेतला, ती आता गुण देत होती. क्रिस्टलचे भांडण या खुर्चीपाशी येऊन मिटले, असे म्हणायचा मोह होतो.

पण तसे म्हणता येत नाही. त्याच मेजाशी जमीला जमील ही अभिनेत्री होती. तिचा बॉलशी पूर्वसंबंध नव्हता, आणि तिच्या नेमणुकीवर घराण्यांतून कडाडून टीका झाली. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. टेलिव्हिजनच्या स्पर्धेत आठवड्यागणिक कोणीतरी बाद होऊन घरी जावे लागते. त्याखेरीज पुढचा भाग कोण पाहणार? हॉलमधल्या बॉलमध्ये माणूस एका प्रकारातून कापला जातो, घराण्यातून नव्हे. रात्री हरलेला मुलगा आईच्या शेजारी जाऊन बसतो आणि पुढल्या बॉलला पुन्हा उतरतो. घरातून काढलेल्यांसाठी जी व्यवस्था उभी राहिली, तिच्यात 'घरी पाठवणे' ही शिक्षा बसत नाही.

आणि परीक्षकांवरही एक परीक्षक असतो, तो वाहिनीचा मालक. तीन मोसमांनंतर, डिसेंबर २०२२ मध्ये, कंपनीच्या काटकसरीत 'लेजंडरी' बंद झाले. इतकेच नव्हे, तर वाहिनीच्या संग्रहातूनही ते काढून टाकण्यात आले. तिथे गुण कोणी दिले, कसे दिले, हे कोणी विचारले नाही.

मग टेलिव्हिजनवर जाणे हा तोटाच का? मी तसं म्हणणार नाही. दूर गावातल्या एकट्या पोराला आपल्यासारखी माणसे जगात आहेत, आणि ती ताठ मानेने नाचतात, हे पडद्यावरच प्रथम दिसले असेल. कलावंतांना कामे मिळाली, पैसा मिळाला, नाव मिळाले. १९९० मध्ये ते मिळाले नव्हते. आज पॅरिस, टोकियो, साओ पावलो इथेही घराणी आहेत. मात्र कार्यक्रम बंद झाला म्हणून एकही बॉल थांबला नाही, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. लोकप्रियता उसनी असते. ज्याची त्याने मागितली की परत द्यावी लागते. क्रिस्टल लाबेजाने जे उभे केले ते उसने नव्हते. हॉल भाड्याचा असेल, मुकुट काचेचा असेल, पण मेजाशी बसणारी माणसे त्यांची आहेत. त्यांचा निर्णय मात्र खरोखरीच अंतिम राहतो, आणि तो फिरवण्याचा अधिकार कोणत्याही वाहिनीला नाही.