टाचणीवरचं फुलपाखरू

माझी मुलगी बी.एस्सी.ला असताना एक दिवस कॉलेजातून येऊन म्हणाली, "आई, वीस किडे पकडून पेटीत टोचून द्यायचेत. मार्क आहेत त्याला." सासूबाई गहू निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि एवढंच विचारलं, "मारून?" पाणी गाळल्यावर फडक्यात राहिलेले जीव परत त्याच विहिरीत सोडणाऱ्या पिढीतल्या त्या. पुढं बोलायचं कुणाचं धाडस झालं नाही. शेवटी मुलीनं रोज सकाळी व्हरांड्यातल्या दिव्याखाली मरून पडलेले पतंग, भुंगेरे वेचले. अकराच भरले. मार्क कमी पडले.

पण माझ्या डोक्यात तेव्हापासून एक किडा शिरला तो शिरलाच. आपल्या या मुलखातली फुलपाखरं पहिल्यांदा कुणी टोचली, आणि कशासाठी?

उत्तर फार लांब नव्हतं. बेळगावहून खानापूर, लोंढा ओलांडलं की पुढं उत्तर कानड्याचं रान सुरू होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथं तीन साहेब होते. जेम्स डेव्हिडसन कलेक्टर. ई. एच. एटकन मीठ-जकात खात्यात. ते 1851 साली आपल्या साताऱ्यातच जन्मलेले. तिसरे टी. आर. बेल, आयर्लंडचे, 1884 साली जंगल खात्यात आले. तिघांनी मिळून उत्तर कानडा जिल्ह्यातल्या फुलपाखरांवर जी लेखमाला लिहिली, ती 1896 पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. ही सोसायटी नुसती साहेबांची नव्हती बरं का. 1883 साली आठ जणांनी ती काढली. त्यांत एटकन होते, तसेच डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुनही होते. हे सखाराम अर्जुन म्हणजे आपल्या डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील.

त्या काळची रीत वाचताना अंगावर काटा येतो. जाळीत फुलपाखरू आलं की दोन बोटांत त्याची छाती दाबायची, नाहीतर तळाशी सायनाइड घालून वर प्लास्टर ओतलेल्या बाटलीत टाकायचं. मग छातीतून टाचणी, पंख पट्टीखाली ताणून वाळवायचे. खाली चिठ्ठी: गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. रानात वाट दाखवणाऱ्याला, डबा धरणाऱ्याला या चिठ्ठीवर जागा नसते.

आपल्या शास्त्रात फुलपाखरू चतुरिंद्रिय. स्पर्श, रस, गंध आणि रूप, एवढं त्याला कळतं. आणि हिंसा चार प्रकारची सांगितली आहे: घरकामातली आरंभी, धंद्यातली उद्योगी, स्वसंरक्षणातली विरोधी, आणि ठरवून केलेली ती संकल्पी. श्रावकानं निदान ही शेवटची तरी सोडावी. निपाणीकडं आमचीही तंबाखूची शेती होती. पानं खाणाऱ्या अळीवर औषध मारलं जायचं; ती उद्योगी हिंसा म्हणून आम्ही मनाची समजूत घालत होतो. सासूबाई मात्र फवारणीच्या दिवशी एक वेळच जेवायच्या. मग साहेबाची टाचणी कोणत्या खात्यात घालायची? सरळ बघितलं तर संकल्पीच की.

पण बेल यांचं काम पुढं वाचत गेले आणि माझा निवाडा जरा डळमळला. या तिघांचं खरं मोठं काम मेलेल्या पाखरांवर नाही, जिवंत अळ्यांवर आहे. पानावरची अंडी, अळ्या आणायच्या, रोज ताजा पाला घालायचा, कात टाकताना बघायचं, कोष होईपर्यंत थांबायचं. कोणती अळी कोणत्या झाडावर वाढते, हे त्यांनी असं पाळून लिहून ठेवलं. आपल्या परसातल्या कढीपत्त्यावर पाखराच्या शिटेसारखी दिसणारी अळी असते ना, ती मोठी झाली की हिरवीगार होते आणि तिचं काळं फुलपाखरू होतं. मादी अंडं घालण्याआधी पुढच्या पायांनी पानाची चव घेते. लेकराला हे पचेल का, ते पायानं चाखून ठरवते! हे वाचून मी कढीपत्ता तोडायच्या आधी पान उलटून बघायला लागले.

हे अळ्यांचं जग भरात येतं पावसाळ्यात. आपले मुनिमहाराज नेमके तेव्हाच पायाखाली जीव येऊ नयेत म्हणून चातुर्मासासाठी एका गावी थांबतात. एकानं जीव वाचवायला पाऊल थांबवलं, दुसऱ्यानं जीव बघायला बाहेर टाकलं. दोघांनाही ठाऊक होतं की जमीन त्या महिन्यांत जिवांनी भरलेली असते.

बेल मुख्य वनाधिकारी झाले, निवृत्तीनंतर कारवारलाच राहिले. 1937 साली एफ. बी. स्कॉट यांच्याबरोबर त्यांचा पतंगांवरचा जाडजूड ग्रंथ निघाला. 1948 साली ते वारले. कारवार, उत्तर कानडा अशा चिठ्ठ्यांची पाखरं लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये अंधाऱ्या खणांत आहेत. अंधार अशासाठी की उजेडानं रंग विटतात. निळा तेवढा टिकतो, कारण तो बहुधा रंग नसतोच, पंखावरच्या खवल्यांच्या घडणीतून उजेड तसा परततो. उलट वाळलेली पाखरं खाणारे बारीक भुंगेरे खणात शिरतात. त्यांच्यासाठी पूर्वी डांबरगोळ्या, आता गोठवणं. म्हणजे मेलेले जीव राखायला पुन्हा जिवंत जीव मारणं आलंच.

तरी त्या चिठ्ठीचं मोल मला नाकारता येत नाही. आज एका वाळक्या पायातून त्या जिवाची कुळी काढता येते. अमुक गावच्या रानात अमुक महिन्यात हे फुलपाखरू उडत होतं, याला दुसरा साक्षीदार उरलेला नाही. चिठ्ठीवर मुंबई इलाखा आहे. 1956 साली बेळगाव, कारवार म्हैसूर राज्यात गेलं, त्यावरून आपण अजून भांडतोय. खणातल्या पाखराचं गाव मात्र तेच आहे.

परवा माळा आवरताना मुलीची ती पेटी सापडली. अकरातले सात शाबूत. एकालाही चिठ्ठी नाही. मी कागदाची बारीक पट्टी कापून लिहिलं: निपाणी, घरचा व्हरांडा, दिव्याखाली, आपसूक मेलेले. साल आठवेना, म्हणून मुलीला फोन केला.