जालन्यात बसून अमेरिकेतला शेअर घेता येतो का? अडचणी नेमक्या कुठे येतात?

जालन्याच्या शिवारात जॉन डिअरचे ट्रॅक्टर दिसतात. हा ट्रॅक्टर पुण्याजवळ बनतो, पण त्यामागची 'डिअर अँड कंपनी' न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदलेली आहे. म्हणजे ट्रॅक्टर इथे मिळतो, शेअर मात्र इथल्या बाजारात मिळत नाही. तो घ्यायचा तर वाट कोणती?

परवानगी आहे का?
हो. रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये 'एलआरएस' योजना आणली. तेव्हा मर्यादा २५ हजार डॉलर होती. आता एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. पॅन कार्ड लागतं. उधारीवरच्या, म्हणजे मार्जिनच्या व्यवहारासाठी मात्र पैसे पाठवता येत नाहीत.

पहिली अडचण : टीसीएस
वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत काही कापलं जात नाही. त्यापुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस घेते. १२ लाख पाठवले, तर वरच्या २ लाखांवर ४० हजार. हा जादा कर नाही. रिटर्न भरताना तो वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर पैसे अडकतात. शिवाय बँकेचं शुल्क आणि डॉलरच्या दरातला फरक वेगळा.

दुसरी : दोन देशांचे कर
लाभांशावर अमेरिका आधीच २५ टक्के कापते. भारतात तो उत्पन्नात धरला जातो, पण तिकडे भरलेल्या कराची वजावट मागता येते. २४ महिन्यांनंतर शेअर विकल्यास नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो.

तिसरी : रिटर्नमधली नोंद
एकच शेअर असला, तरी रिटर्नमधल्या 'शेड्यूल एफए'मध्ये तो दाखवावा लागतो. इथे हिशेब जानेवारी ते डिसेंबरचा असतो. आयटीआर-१ चालत नाही. लपवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. जमीन-घर सोडून एकूण परदेशी मालमत्ता २० लाखांच्या आत असेल, तर ऑक्टोबर २०२४ पासून या दंडातून सूट आहे. नोंद मात्र टळत नाही.

चौथी : वारसा
गुंतवणूकदाराच्या निधनानंतर ६० हजार डॉलरपेक्षा जास्त अमेरिकी मालमत्तेवर तिथे ४० टक्क्यांपर्यंत वारसा कर लागू शकतो. घरच्यांना हे आधीच माहीत हवं.

युरोपातले लोक तरी मोकळे आहेत का?
पूर्ण नाही. अमेरिकी ईटीएफवर ठरावीक माहितीपत्रक नसल्यामुळे तिथल्या सामान्य गुंतवणूकदारांना २०१८ पासून ते सहसा विकत घेता येत नाहीत.

थोडक्यात, शेअर घेणं मोबाइलवर पाच मिनिटांचं काम आहे. त्याचा हिशेब दरवर्षी ठेवावा लागतो. पैसे पाठवण्याआधी सीएला एकदा विचारा.