आंबील आणि ज्वारी



1857 साली फ्रान्सच्या लिल शहरात लुई पाश्चर यांनी मांडलं, की दूध आंबतं ते सूक्ष्म जिवांमुळं. आपल्या आज्या-पणज्यांना जिवाणू ठाऊक नव्हते, पण आंबील त्याआधीपासून घरोघरी होत होती. हे जिवाणू लॅक्टिक आम्ल करतात, म्हणून कुजवणारे जंतू वाढत नाहीत. मुरघासात तरी दुसरं काय होतं? शिवाय ज्वारीतलं लोह अंगी जास्त लागतं.

1972 च्या दुष्काळात परदेशातली मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. पुढं आमच्या भागात कॅनॉल आला, ऊस आला, ज्वारी मागं पडली. रानातनं ज्वारी गेली तशी चुलीवरनं आंबील गेली. आता उरली ती रेणुकेच्या नैवेद्याला. देवीनं सांभाळली, आपण सोडली.

परत सुरू करणं अवघड नाही. वाटीभर ज्वारीचं पीठ, वाटीभर ताक, थोडं पाणी, गुठळ्या मोडून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी तीन-चार वाट्या उकळत्या पाण्यात सोडून ढवळत शिजवा. मीठ, जिरं, ठेचलेला लसूण घाला. बुरशी दिसली तर मात्र टाकून द्या.

निदान घरापुरती दोन गुंठे ज्वारी पेरा. तुमच्याकडं आंबील कशी करतात, तेही लिहा.